पाळण्याने मिस्त्रींना कळवलं

बाळ रडत असल्याची बातमी श्रेणिकला प्लंबरकडून कळली.

बाळ श्रेणिकचंच होतं आणि रडत होतं ते शेजारच्या खोलीत. मधे एक भिंत, एक पडदा आणि श्रेणिकच्या कानातले हेडफोन, एवढंच काय ते अंतर. मैनुद्दीन मिस्त्री मात्र जयसिंगपूरच्या बाहेर, उदगावात, कुणाच्या तरी न्हाणीघराची फरशी उकरत बसले होते. तिथून त्यांचा फोन आला.

"जावईसाहेब, बाळ रडायलंय बघा."

"कुणाचं?"

"तुमचंच की. पाळण्यानं कळवलंय. भूक न्हाई, लंगोट ओलं हाय म्हणतोय. जरा बघता का? माझं हात सिमेंटात हायत."

श्रेणिक उठून गेला. बाळ खरंच रडत होतं आणि लंगोट खरंच ओलं होतं. त्याने बाळाला उचललं आणि हातभर लांब धरलं, दुकानात वस्तू परत करायला आलेल्या माणसासारखं. तेवढ्यात गच्चीवरून मामी जिना उतरून आल्या, एकेक पायरी, कठड्याला धरून. मामी म्हणजे त्याच्या सासूबाई राजमती मगदूम. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते.

"द्या इकडं श्रेणिकराव. तुम्ही कशाला त्रास घेताय."

श्रेणिकने बाळ दिलं. त्रास कुणी मागून घेत असेल तर तो द्यायला त्याची कधीच ना नसे.

मग त्याने फोन पाहिला. पाळणा मामींच्या फोनला सांगत होता, मामांच्या फोनला सांगत होता, सांगलीच्या बँकेत नोकरी करणाऱ्या आणि सध्या बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बायकोच्या, त्रिशलाच्या, फोनला सांगत होता. दोन वर्षांपूर्वी या घराचे नळ बदलून गेलेल्या मैनुद्दीन मिस्त्रींनाही सांगत होता. श्रेणिकच्या फोनवर मात्र एकच ओळ होती: या घरात आपल्याशी बोलू शकेल असे कोणतेही उपकरण सापडले नाही.

श्रेणिक आणि त्रिशला पुण्याहून इथे आले ते दोन महिन्यांसाठी. श्रेणिकची कंपनी एका सकाळी मेल पाठवून बंद झाली होती, आणि नवी नोकरी मिळेपर्यंत त्रिशलाच्या माहेरी राहायचं ठरलं होतं. नोकरी मिळाली, पण ती घरबसल्या करायची होती, आणि घर कुठलं हे कंपनीने विचारलं नाही. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. त्याचं काम म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोलत्या यंत्रांना मराठीत माफी मागायला शिकवणं. दिवसभर तो दिलगिरीची वाक्यं लिहायचा. त्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

पाळण्याचा घोळ आता सोडवायलाच हवा होता. महिनाअखेर त्रिशलाची रजा संपणार होती. मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं. मामा, म्हणजे आदगोंडा मगदूम, पाइप-फिटिंगचं दुकान विकून घरी बसले होते, पण त्यांना लांबचं ऐकू यायचं नाही आणि जवळचं ऐकायचं नसायचं. दिवसा बाळाजवळ असणार होता एकटा श्रेणिक. काम करताना त्याला हेडफोन लावावेच लागत. पाळणा त्याच्याशी बोलला नाही तर बाळ रडणार आणि बाप उदगावातून फोन यायची वाट बघणार.

त्याने सगळं रीतसर केलं. टीव्हीच्या वर भिंतीवर बसवलेला वायफायचा पांढरा डबा बंद करून चालू केला. फोनला हे नेटवर्क विसरायला लावलं आणि पुन्हा ओळख करून दिली. पाळणा वायफायच्या धिम्या पट्ट्यावर बोलतो आणि फोन वेगवान पट्ट्यावर ऐकतो, असं कुठेतरी वाचून दोघांना एका पट्ट्यावर आणलं. शेवटी फोन पाळण्यात ठेवून झोका दिला. दोन्ही यंत्रं एकाच दुपट्यात शेजारी शेजारी पडली होती आणि एकमेकांचा पत्ता लागत नव्हता. भाऊबंदकीत असं होतं, पण तिथे निदान कारण माहीत असतं.

मग त्याने डबा बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं. समोरून यंत्र म्हणालं, "आपली अस्वस्थता आम्ही समजू शकतो. ती आमचीच अस्वस्थता आहे."

श्रेणिकने हे वाक्य ओळखलं. गेल्याच महिन्यात त्याने ते लिहिलं होतं, चहा पिता पिता, कुणाचीही अस्वस्थता न समजता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचंच वाक्य त्याच्या अंगावर आलं, आणि ते किती खोटं आहे हे कळायला त्याला वेळ लागला नाही. त्याने जिवंत माणूस मागितला. बऱ्याच वेळाने एक मुलगी फोनवर आली.

"सर, तुमचा फोन व्यवस्थित आहे. पाळणाही व्यवस्थित आहे."

"मग ते बोलत का नाहीत?"

"कारण तुम्ही पाहुणे आहात."

"मी या घरात दोन वर्षं राहतोय."

"हो सर, इथे दिसतंय," ती म्हणाली. "पाहुणे बरेच दिवस राहिलेत, असंच दिसतंय."

डब्याचं नाव उंबरा. एव्हाना तो घरोघरी बसला होता, आणि बहुतेकांना तो कसा चालतो याचा पत्ता नव्हता. घरात वायफायच्या लहरी तळ्यातल्या पाण्यासारख्या भरून असतात. माणूस चालला की त्या हलतात, कारण माणूस बहुतांशी पाण्याचाच बनलेला आणि पाणी या लहरींना अडवतं. कोण कसं चालतं, श्वास घेताना कुणाची छाती किती फुगते, हृदयाच्या ठोक्याने ती केसभर कशी हलते, आवाज चढला की कशी थरथरते, हे सगळं त्या लहरींत उमटतं. जुन्या राउटरपर्यंतही ते पोचायचं, पण तो कचरा समजून टाकून द्यायचा. उंबरा तो कचरा वाचतो. त्याला कॅमेरा नाही की माईक नाही. तो शब्द ऐकत नाही, फक्त माणसं हलताना पाहतो, आणि तेवढं त्याला पुरतं.

पासवर्ड तेव्हा निकालात निघाले होते. नवी यंत्रं कुठलाही पासवर्ड चहा गार व्हायच्या आत फोडू लागली होती. म्हणून तज्ज्ञांनी ठरवलं की घरचा माणूस त्याला काय पाठ आहे यावरून ओळखू नये, तो घरात कसा वागतो आणि घर त्याच्याशी कसं वागतं यावरून ओळखावा. हजारो घरांतली वागणूक उंबऱ्याला शिकवली गेली. कुणावर आवाज चढतो आणि चढवणाऱ्याचा श्वास लगेच पूर्ववत होतो. कोण न विचारता स्वयंपाकघरात शिरतं आणि फ्रिज उघडून नुसतं बघत उभं राहतं. कोण बसलेलं असताना दुसरा त्याला उठवतो. ही घरची माणसं. ज्याच्या येण्याने बाकीचे सावरून बसतात, ज्याच्यासाठी दुसरे उठतात आणि जो स्वतः उठत नाही, तो पाहुणा.

घरच्या माणसांची यंत्रं आत राहतात आणि एकमेकांशी बोलतात. पाहुण्यांची यंत्रं पाहुणेकप्प्यात. तिथून बाहेरचं अख्खं जग दिसतं, पण शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर दिसत नाही. लॉजमध्ये असतं तसं: प्रत्येक खोलीला रस्त्याकडे खिडकी, पण या खोलीतून त्या खोलीत दार नाही.

मैनुद्दीन मिस्त्री या परीक्षेत पहिल्या आठवड्यात पास झाले होते. नळ बदलताना मामा त्यांच्यावर रोज ओरडत, तेही उलट ओरडत, आणि मग दोघं स्वयंपाकघरात बसून मामींच्या हातचा चहा पीत. उंबऱ्याने याहून घट्ट नातं त्या घरात पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी उदगावातून एकदा गिझरही चालू करून दाखवला होता.

"मग मला आत घ्या," श्रेणिक त्या मुलीला म्हणाला.

"आम्हाला अधिकार नाही सर. घरमालकालाही नाही. पूर्वी होता, तेव्हा लोक भांडण झालं की सुनेचा गॅस बंद करायचे. आता दोनच मार्ग. एक म्हणजे वागणूक. दुसरा म्हणजे सगळ्यांचा होकार. दर दिवाळीनंतर उंबरा आतल्या प्रत्येकाला इतरांबद्दल विचारतो, ही व्यक्ती घरातली आहे का. उत्तरं तीन: हो, नाही, नंतर सांगतो. कुणी नवीन आत आलं की त्यालाही लगेच जुन्यांबद्दल विचारतो."

"माझ्याबद्दल काय उत्तरं आली?"

"नावं सांगता येत नाहीत सर." की-बोर्डचा आवाज आला. "तीन जणांनी 'नंतर सांगतो' म्हटलंय."

"आणि?"

"आणि एक स्पष्ट 'नाही' आहे."

श्रेणिकने फोन दुसऱ्या कानाला लावला. ती मुलगी म्हणाली, "आपली अस्वस्थता आम्ही समजू शकतो." श्रेणिकने फोन ठेवला.

आत होते चौघं. मामा, मामी, त्रिशला आणि मिस्त्री. त्रिशलाला त्याने मनातल्या मनात लगेच सोडून दिलं. उरले तिघं.

त्याने संध्याकाळी तिलाच सगळं सांगितलं. ती बाळाच्या दुपट्याच्या घड्या घालत होती.

"एक 'नाही' आहे," तो म्हणाला. "तुला कोण वाटतं?"

"कोणास ठाऊक."

"मामा असतील?"

"अण्णा?" तिने घडी मोडून पुन्हा घातली. "असतीलही."

दुसऱ्या दिवशी श्रेणिकने मामांना आडून विचारलं. मामा अंगणात खुर्ची टाकून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक टँकरकडे संशयाने बघत बसले होते.

"तो प्रश्न व्हय?" मामा म्हणाले. "आला हुता. म्या 'नंतर' दाबलं. तुमच्या मामीनं पण."

"'नंतर' का?"

"आवो, घरचा म्हटलं म्हंजे उद्यापास्नं गिरणीतनं दळण आणा, मोटार बंद करा, सगळं सांगावं लागतंय. जावयाला काम सांगत्यात व्हय कुठं?" मामांनी मान हलवली. "आमच्यात न्हाई तसलं."

म्हणजे मानामुळे तो बाहेर होता. उरले मिस्त्री. श्रेणिकने त्यांना फोन लावला.

"मी 'नंतर' दाबलंय," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडायचं? मला सायंकाळचं दूध उतू गेल्यालं कळतंय, तेवढंच बास झालं."

तिघंही 'नंतर' म्हणाले होते. याचा अर्थ कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि श्रेणिकने बराच विचार करून ठरवलं की मामाच. एवढी गोड बोलणारी माणसं सरळ असूच शकत नाहीत, असं त्याच्या धंद्याने त्याला शिकवलं होतं.

होकाराचा मार्ग बंद होता. राहिली वागणूक. म्हणजे कुणीतरी त्याच्यावर मनापासून ओरडायला हवं होतं.

त्याने लोणच्याची बरणी फोडली. मामी म्हणाल्या, "लागलं न्हाई न्हवं? तिकडं जाऊ नका, मी पुसते," आणि गुडघे धरून खाली बसल्या. त्याने मोटार चालू ठेवून टाकी वाहू दिली. पाणी जिन्यावरून अंगणात आलं. मामा म्हणाले, "बरं झालं, फरशी धुऊन निघाली." मग त्यांनी मिस्त्रींना फोन करून टाकीचा बॉल नीट बसवला नाही म्हणून पोटभर शिव्या दिल्या. उंबऱ्यात मिस्त्रींचं स्थान आणखी पक्कं झालं.

मगदुमांच्या जैन घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत. त्यानंतर चूल पेटत नसे. मामींच्या आजीच्याही आधीपासून नसे. श्रेणिक लहानपणापासून तसाच वाढलेला, त्यालाही ते ठाऊक होतं. म्हणूनच एका संध्याकाळी तो म्हणाला, "मला आत्ता भूक नाही. अंधार पडल्यावर जेवीन. गरम भाकरी लागेल."

मामा वर्तमानपत्रातून वर बघतील, असं त्याला वाटलं. मामांनी पान उलटलं. अंधार पडल्यावर मामींनी गॅस पेटवला. कट्ट्याला टेकून, एका पायावर भार देत, त्यांनी भाकरी थापली. श्रेणिक ताटावर बसला होता आणि पराभूत मनाने जेवत होता. अजून एक वाढू का, असं मामींनी विचारलं. तो वाढा म्हणाला.

त्रिशला दाराशी उभी होती. बाळाला खांद्यावर घेऊन ती आत गेली.

श्रेणिकला वाटलं, ती त्याच्यासारखीच निराश झाली असणार.

"आपण दोघं भांडू," तो तिला दुसऱ्या दिवशी म्हणाला. "नवरा-बायकोचं भांडण म्हणजे चोख पुरावा. मी लिहून ठेवलंय."

त्याने खरंच लिहून ठेवलं होतं. फोनवर दोघांचे संवाद, कुठे आवाज चढवायचा तिथे खुणा. हॉलमध्ये उंबऱ्याच्या बरोबर खाली दोघं उभी राहिली. मामा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते, मामी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या, बाळ आत झोपलं होतं.

"तू या घरात राहतोस की लॉजमध्ये," त्रिशलाने फोनवरून वाचून दाखवलं, बँकेत खातेदाराला शिल्लक सांगतात त्या सुरात.

"हे घर माझंही आहे," श्रेणिक छाती फुगवून म्हणाला.

"ताट उचलायला नोकर ठेवलेत का इथे."

"मी दमतो. मी कमावतो."

उंबऱ्यावरचा दिवा लुकलुकला. श्रेणिकच्या फोनवर ओळ आली: आपल्या घरी नाटकाची तालीम सुरू असल्याचे दिसते. शुभेच्छा.

"श्वास," श्रेणिक म्हणाला. "त्याला श्वास कळतो. तू नुसतं वाचतेयस. जरा मनापासून म्हण. पहिल्यापासून."

त्रिशलाने फोनकडे पाहिलं. मग फोन सोफ्यावर ठेवला.

"तू या घरात राहतोस की लॉजमध्ये?"

"छान. हे घर माझंही आहे."

"आईने काल अंधारात गॅस पेटवला. तिने जन्मात कधी तसं केलं नव्हतं."

"हे स्क्रिप्टमध्ये नाही."

"हो. हे माझं आहे." तिचा आवाज चढला नव्हता, पण बसला होता. "दोन वर्षांत तू एकदा पाण्याचा तांब्या भरला नाहीस. पंखा कुठून चालू होतो, माहितीये तुला? तू यायच्या आधी आई लावून ठेवते. म्हणून तुला कळलंच नाही की घरातलं एकही बटण तुझं ऐकत नाही. दोन वर्षं कळलं नाही, श्रेणिक. बाळ रडलं तेव्हा कळलं, तेसुद्धा मिस्त्रींनी सांगितल्यावर."

"मी काही मागितलं नव्हतं. ते उठू देतच नाहीत."

"बरणी फोडायला उठू दिलं की."

स्वयंपाकघरातला शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"ते तर आपल्यासाठीच चाललंय," श्रेणिक म्हणाला. "तो 'नाही' कुणाचा आहे ते कळलं असतं तर..."

"माझा आहे."

श्रेणिकला आधी वाटलं, हेही भांडणात धरायचं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळलं की नाही.

"मला दोनदा विचारलं त्याने," ती म्हणाली. "पहिल्या दिवाळीला मी 'नंतर' म्हटलं. तू रुळशील, म्हटलं. दुसऱ्या दिवाळीला मला सातवा लागला होता. मी कपडे वाळत घालत होते आणि तू खालून विचारलंस, टॉवेल कुठेय. तेवढ्यात तो प्रश्न आला. ही व्यक्ती घरातली आहे का. मी खरं ते सांगितलं."

"डब्याला सांगितलंस."

"हो."

"मला नाही सांगितलंस," श्रेणिक म्हणाला. "मी इतके दिवस मामांवर संशय घेतोय. त्यांच्यासमोर बसून चहा पितो आणि मनात शिव्या देतो. तुला विचारलं, तर 'असतीलही' म्हणालीस. स्वतःच्या बापावर ढकललंस आणि घड्या घालत बसलीस. आत्तासुद्धा, हे नाटक, मी लिहिलेलं, तू वाचत उभी राहिलीस. माहीत असून."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? तीन परिच्छेदांची माफी लिहिली असतीस. दोन दिवस ताट उचललं असतंस आणि सगळ्यांनी बघितलं का ते बघितलं असतंस."

"निदान तेवढी संधी तरी..."

"मी बँकेला कळवलंय," ती म्हणाली. "पुढचे सहा महिने बिनपगारी रजा. बाळाजवळ मी थांबणार आहे. पाळणा तुझ्याशी बोलला काय आणि न बोलला काय."

आता श्रेणिक ओरडला. काय ओरडला ते त्यालाही नंतर आठवेना. तीन वर्षांच्या संसारात जेवढे शब्द त्याने नीट लावून ठेवले होते ते सगळे कपाट उघडल्यासारखे बाहेर पडले. आपल्याच मुलाच्या बाबतीत आपल्याला न विचारता. आपल्याच बायकोने. आपण या घरात कोण म्हणून राहायचं. तीही ओरडली, एकाच वेळी, आणि दोघांपैकी कुणीच दुसऱ्याचं ऐकत नव्हतं.

"ए श्रेणिक."

दोघंही थांबली. मामांनी पेपर खाली टाकला होता आणि ते उभे राहिले होते.

"आवाज खाली कर. पोरगं झोपलंय आत, दिसंना व्हय तुला? अक्कल गहाण ठेवलीयास काय?"

दोन वर्षांत मामांनी त्याला 'राव' लावल्याशिवाय हाक मारली नव्हती. श्रेणिक त्यांच्याकडे बघत राहिला. मामांचा श्वास क्षणात पूर्ववत झाला. ते खुर्चीत बसले आणि पेपरात कुठे वाचत होतो ते शोधू लागले.

उंबऱ्याचा दिवा हिरवा झाला आणि त्यातून सनई वाजली.

कंपनीने ती खास या प्रसंगासाठी घातली होती. हॉलचा पंखा आपणहून फिरला. स्वयंपाकघरात मिक्सरने एक गिरकी घेतली. गिझर लागला, टीव्ही उजळला, मामींच्या गुडघ्याच्या पट्ट्याने आपण किती गरम आहोत ते जाहीर केलं. श्रेणिकच्या हातातला फोन एकामागून एक थरथरत होता. अभिनंदन. आता आपण घरातले आहात.

सनई बरीच लांब होती. ती संपेपर्यंत कुणीच हललं नाही. त्रिशला खिडकीबाहेर बघत होती. त्या घरातल्या सगळ्या वस्तू श्रेणिकला ओळखत होत्या, आणि त्याला उभं कुठे राहावं ते कळत नव्हतं.

फोन पुन्हा थरथरला. ही ओळ त्याने कधी पाहिली नव्हती. बाळ रडत आहे. कारण: घरातील मोठा आवाज. लंगोट ओले.

मामी कट्ट्याला धरून उठू लागल्या, सवयीने. मामा पेपरातून वर न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ दे तू. बघंल त्यो."

श्रेणिक आत गेला. त्याने बाळाला उचललं, या वेळी जवळ धरलं. बाळ आणखी मोठ्याने रडलं. फोन वाजला. उदगाव.

"जावईसाहेब, बाळ..."

"कळलंय मिस्त्री."

"कसं काय?"

"मलाही कळवलं."

मिस्त्री म्हणाले, "बरं झालं. आता माझं नाव तेवढं काढा की त्यातनं."

"नाही काढता येत. दिवाळीनंतर विचारतील."

त्याने फोन ठेवला तेव्हा उंबऱ्याने नवीन माणसाला विचारायचे प्रश्न पाठवले होते. आदगोंडा मगदूम ही व्यक्ती घरातली आहे का? त्याने 'हो' दाबलं. राजमती मगदूम? हो. मैनुद्दीन मिस्त्री? त्याने तेही 'हो' दाबलं. इतक्या लांबून रोज फोन करणारा दुसरा कोण होता.

चौथा प्रश्न आला तेव्हा त्रिशला दारात उभी होती. तिच्या हातात कोरडं लंगोट होतं. तिने त्याचा अंगठा पाहिला आणि कशावर थांबलाय ते तिला कळलं असावं, कारण तिने मान दुसरीकडे वळवली. बाळ खांद्यावर लाळ गाळत होतं. श्रेणिकने 'नंतर सांगतो' दाबलं आणि फोन खिशात टाकला.

तिने लंगोट पुढे केलं. त्याने घेतलं. ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे कुठल्या बाजूने बांधायचं?"

"पाळण्याला विचार. आता बोलेल तो तुझ्याशी."

"मी तुला विचारतोय."

त्रिशला उंबऱ्यावर उभी राहिली, लाकडाच्या. आत यावं की नाही हे तिचं ठरत नसावं.

"नंतर सांगते," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

श्रेणिकने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि आपल्या अंदाजाने लंगोट बांधलं. गाठ बसली. बाळ गप्प झालं आणि त्याच्याकडे बघू लागलं. पाळण्याने काही क्षण श्वास मोजले, वजन मोजलं, आणि लंगोट उलटं बांधलं असल्याचं घरातल्या सर्वांना कळवलं. स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. श्रेणिक दाराकडे बघत राहिला. ती आली नाही.

उदगावातून मात्र लगेच फोन आला.